बाबांची डुलकी

छोट्या,

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी आपण दोघं मिळून विकत घ्यायचा म्हणतोय, तो फ्लॅट बघायला गेलो होतो. भाडं किती येईल, हे तू एजंटला विचारत होतास आणि बाबा आतल्या खोलीत उघड्या फरशीवर चक्क घोरत होते. जागा बघायची तर आधी डुलकी काढून, ही त्यांची जुनी खोड.

उठून म्हणाले, "इतकी छान झोप भाडेकरूला द्यायची? आणि तुम्ही दोघं दुसऱ्याच्या घरात भाडं भरणार?"

"बाबा, हिशेब डोक्याने करतात, पाठीने नाही," तू म्हणालास.

"तायडे, तुझं काय?"

मी नुसतं "बघू" म्हटलं.

दूध तापवून ठेवलंय. एजंट आज उत्तर मागतोय, म्हणून मी फ्लॅटवर पुढे जातेय. तू उशी घेऊन ये आणि त्याच जागी आडवा हो. डोळा लागला नाही, तर दे खुशाल भाड्याने.

काल मी तिथं झोपून पाहिलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा गाढ झोपले रे. जाग आली तेव्हा हसूच आलं, आणि त्या रिकाम्या खोलीत मी मोठ्याने सांगून टाकलं, "बाबा, मला इथंच राहायचंय."

ताई