कान्यातलं पीस

बुधवार, ७ जानेवारी

प्रिय वेंडेल,

रविवारी काय झालं ते आधी क्रमाने लिहिते. यात तुला माहीत नसलेलं काही नाही.

१. दुपारी सव्वादोनला बाबांनी शेडच्या भिंतीवरून आपली ठासणीची बंदूक काढली. नळीच्या बुडाशी असलेल्या कान्याच्या भोकात पीस नव्हतं, म्हणजे बंदूक रिकामी, असं धरलं. नळीत गज घालून पाहिलं नाही.
२. सकाळी गारगोटीतून घडवलेली नवी गार बंदुकीच्या घोड्याच्या जबड्यात आवळली आणि ठिणगी पाहायला चाप ओढला.
३. बंदूक उडाली. गोळी फळी फोडून बाहेर गेली.
४. बाहेर मार्सी भोपळ्याची गोड पाई घेऊन येत होती. गोळी तिच्या पुढून जाऊन ओसरीच्या खांबात रुतली. बर्फातली तिची पावलं आणि फळीचं भोक यांवरून मी अंतर मोजलं. सोळा इंच.
५. बाबा म्हणाले, "शुक्रवारी भरलेली तशीच राहिली असणार. विसरलो."

त्यानंतर तू जे बोललास ते मी लिहीत नाही. मार्सी तुझी बायको आहे, तू घाबरला होतास. मीही घाबरले होते. अजून आहे. कारखान्यात काल मी एकच बेअरिंग चार वेळा मोजलं आणि चारही वेळा आकडा वेगळा आला. दोष मापकात नव्हता, माझ्या हातात होता.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

लहानपणी बर्फ वितळला की बाबा आपल्याला ओढ्यावर न्यायचे ते आठवतं? गुडघाभर थंड पाण्यात उभं राहून गारेसाठी दगड उचलायचा, दुसऱ्याने ठोकायचा आणि कान द्यायचा. खणखणला तर बादलीत, बद्द वाजला तर परत पाण्यात. तू बद्द वाजणारेही बादलीत टाकायचास आणि बाबा म्हणायचे, "वेंडेलराव, हा दगड आहे की तुमचं डोकं? आवाज तोच येतोय!" दुकानातून कापलेल्या गारा आणणाऱ्यांना तर ते माणसांत धरायचेच नाहीत. "उद्या हरीणही विकत आणतील आणि त्यावर नेम धरतील." मांडीवर जाड कातडं, हातात हरणाच्या शिंगाचा तुकडा, आणि एका दाबात निघणारी कागदासारखी पातळ कपची. मला मोजमापाचं वेड लागलं ते तिथेच. धार सरळ आहे की नाही ते बाबा नखावर टेकवून सांगायचे आणि मी नंतर पट्टी लावून बघायचे. ते कधी चुकले नाहीत.

पिसाचा नियमही तेव्हाचाच. दारू आणि गोळी नळीत ठेवून बंदूक घरी आणायची असेल, तर कान्याबाहेरची रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, झटकायची आणि कान्यात टर्कीच्या पिसाचं देठ खोचायचं. पीस दिसलं की बंदूक भरलेली, आणि चुकून ठिणगी पडलीच तरी भोक बंद. चाळीस वर्षं त्या घरात या नियमावर सगळे विसंबून राहिले. तू रविवारी त्याला "म्हाताऱ्याचा खुळचटपणा" म्हणालास. गज घालून बघायला हवा होता, हे खरं. पण त्या भिंतीवर पीस नसलेली भरलेली बंदूक कधी टांगलीच गेली नव्हती.

काल कामावरून सुटून बाबांकडे गेले. घरात नव्हते. ओढ्याकडे पावलं गेली होती, शेजारी बादलीची गोल खूण. गोळा करून ठेवलेले सगळे दगड ते पाण्यात ओतत होते. तिसरी बादली होती. मी म्हटलं, "बाबा, हे काय चालवलंय?" म्हणाले, "जिथले तिथे. तुझ्या भावाने कुठे तरी भंगारात टाकण्यापेक्षा बरं." मग हसायचा प्रयत्न केला. "बघ, आता तर मला खणखणीत कुठला आणि बद्द कुठला तेही कळेना."

परत येताना त्यांनी माझा दंड धरला. यापूर्वी कधी धरला नव्हता. म्हणाले, "कोरे, शुक्रवारी मी बंदूक रिकामी केली होती. टेकडीवरच्या बुंध्यावर गोळी झाडली, तो आवाजसुद्धा आठवतोय मला. आणि गारेला धार होती. रविवारी बघतो तर गार बोथट. म्हणजे जे आठवतंय ते झालंच नाही का गं? अजून असं काय काय झालं नसेल?"

मी म्हटलं, थंडी वाढलीय, आत चला.

वेंडेल, वरच्या पाच कलमांआधी एक कलम आहे, ते मी गाळलं. शनिवारी बाबा आत्याकडे गेले होते. माझ्या बंदुकीची स्प्रिंग तुटली होती, म्हणून न विचारता मी त्यांची नेली. ती मी भरली. कान्यात पीस मी खोचलं, टेकडीवर पोचल्यावर मीच काढलं. हरीण समोर आलं तेव्हा तीनदा चाप ओढला. ठिणगी पडली नाही, गारेची धार मात्र गेली. रंजक झटकली, अंधार पडायच्या आत बंदूक भिंतीवर टांगली आणि पीस खोचायला विसरले. सोमवारी गाडीची किल्ली शोधताना ते कोटाच्या खिशात हाताला लागलं. तेव्हापासून दोन दिवस मी गप्प आहे. मार्सीला सोळा इंचांवर आणलं ते मी, बाबांनी नाही. त्यांची आठवण शाबूत आहे. बुंध्यातली शुक्रवारची गोळी आज सकाळी मी उकरून काढली. ती याच पत्राच्या पाकिटात घातली आहे.

हे पत्र एकदा पेटीत पडलं की मला मागे घेता येणार नाही, म्हणून ते आधी टाकते. तिथून सरळ बाबांकडे जाऊन सांगणार आहे. मार्सीची माफी मी तिच्या दारात येऊन मागेन, तिने दार उघडलं तर. येत्या सोमवारी तू बंदुका न्यायला आणि बाबांना एकटं राहू देऊ नये असं डॉक्टरांकडून लिहून घ्यायला येणार आहेस. ते रद्द केलंस की नाही, एवढंच शनिवार, दहा तारखेपर्यंत कळव.

तुझीच,
कोरिन