जांभळ्या टोकाचा उजेड

प्रिय अनुजा,

महिन्यापूर्वी माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. तेव्हापासून वेड्यासारखा खेळ चाललाय माझा: एक डोळा झाकायचा, दुसऱ्यानं बघायचं. डाव्या डोळ्याला रंकाळा अजून चहासारखाच दिसतो आणि उजव्याला, अगं बाई, निळा! काल संध्याकाळी काठावर बसले, तर पाण्यावर जांभळी झाक पसरलेली. ती हळूहळू माझ्याकडं येतेय असं वाटत राहिलं. किती वेळ बसले कोण जाणे. शेंगदाणेवाल्यानं शेवटी विचारलं, मावशी, घरला जायाचं न्हाय व्हय म्हणून.

डॉक्टरीणबाई सांगत होत्या, माणसाच्या डोळ्याला तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतच दिसतं. त्याच्या पलीकडंही उजेड असतो, पण तो आपल्या वाट्याचा नाही. माझं तर जांभळं टोकही गेलं होतं. डोळ्यावर पिवळी काच चढावी तसा मोतीबिंदू निळा-जांभळा अडवतो, आणि इतका सावकाश, की माणसाला पत्ताच लागत नाही. हे ऐकून घरी आले आणि ट्रंक उघडली.

तुझे दाजी गेले तेव्हा दुखवट्याला सगळ्यांनी फिक्या साड्या आणल्या. तुझीही मला राखेच्या रंगाची दिसली. सख्ख्या बहिणीनंही मला विधवेच्या रांगेत बसवलं, या रागानं मी ती भरल्या घरात भिरकावली, नाही नाही ते बोलले. आक्का, नीट बघ की, एवढंच तू म्हणालीस. बघितलं की मी, डोळे फाडून! बायका एकमेकींकडं बघत होत्या. मला वाटलं, मला हसतायत. तीच साडी ट्रंकेच्या तळातून काढून उजव्या डोळ्यानं बघितली. जांभळी आहे गं. फिकी, गोड जांभळी. चारचौघींत तू मला रंग नेसवायला आली होतीस, आणि मी दोन वर्षं तुझा फोन उचलला नाही. चुकले गं मी. फार चुकले.

येत्या गुरुवारी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन. फॉर्मवर जवळच्या माणसाचं नाव लिहावं लागतं. मागच्या खेपेला शेजारच्या बिबीजानचं लिहिलं, बिचारी दिवसभर बसून होती. या खेपेला तुला न विचारताच तुझं नाव लिहून आलेय. नात्यापुढं बहीण लिहिलंय. जयसिंगपुराहून सकाळची पहिली एसटी धर. ते नाव मला खोडायला लावू नकोस.

तुझीच भांडकुदळ,
आक्का