सव्वाअकराचा खड्डा

६ जाने., सोम.
सोलर बसून महिना झाला. मोबाईलवरचा आलेख बघायचा नादच लागलाय. पॅनेलमधून डीसी येतो, जिन्याखालचा इन्व्हर्टर त्याचा एसी करतो. आधी आमचा फ्रिज, पंप. उरलेली वीज मीटरमधून बाहेर. म्हणजे दुपारी शेजारणीचा मिक्सर आम्हीच फिरवतो म्हणा ना!
पण रोज सव्वाअकराला आलेखात खड्डा. पाऊण तास. आभाळ कोरं. का?

९ जाने., गुरु.
चाकणच्या कंपन्यांना गुरुवारी सुट्टी, मी आणि नवरा दोघंही घरी. सकाळभर गच्चीत पहारा दिला. खड्डा नाही! शेजारच्या टाकीची सावलीही पोचत नाही.
आई, म्हणजे सासूबाई, खोलीतच. गणपतीत पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून पलंग सोडत नाहीत. डॉक्टर म्हणाले, चालल्या नाहीत तर कायमच्या अंथरुणाला खिळतील. त्यांचं एकच, "पाय उचलत न्हाई बाई." जीव तुटतो.

११ जाने., शनि.
कंपनीत क्वालिटी तपासायची नोकरी, म्हणून घरीही 'का-का' चालू. एका पॅनेलवर सावली पडली तरी सगळे ढेपाळतात. एकामागे एक जोडलेत. आमच्या असेंब्ली लाईनवर एक स्टेशन अडलं की होतं तेच. पण सावली कुणाची? आणि गुरुवारी सुट्टी घेणारी?
कँटीनमध्ये सांगितलं तर म्हणे, "भूत असेल राव, कंपनीतलंच."

१३ जाने., सोम., भोगी
हाफ डे टाकून साडेअकराला घरी. आईंची खोली रिकामी. चपला जिन्यात काढून धावले.
गच्चीच्या दारातूनच दिसल्या. पॅनेलपुढे प्लास्टिकची खुर्ची, पाठ उन्हाला, मांडीवर हरभऱ्याचे घाटे. सावली बरोब्बर मधल्या पॅनेलवर. सोळा पायऱ्या, एकट्या!
तशीच मागे फिरले. स्वयंपाकघरात जाऊन रडले, हसलेही. नवऱ्याला सांगितलं तर काळजीपोटी गच्चीला कुलूप घालेल. नाही सांगणार.

१५ जाने., बुध.
साहेब, म्हणजे आईंचा बाळू, जेवताना त्यांच्यासमोरच: "रोज सावली पडते कशाची तरी, करंट कमी होतो. सोलरवाल्याला बोलावतो." मी म्हटलं, धुकं असेल. सव्वाअकराला धुकं! काहीही. आई खाली मान घालून जेवत होत्या.

२० जाने., सोम.
अकरा वीस. खड्डा नाही. साडेअकरा, नाही. आलेख गुळगुळीत. आईंना फोन केला. दोनदा नुसती रिंग.
तिसऱ्यांदा उचलला. "हं, बोल."
"आई, कुठं आहात?"
"वरच हाय. पलीकडं सरकून बसले आज. तुमचा करंट कमी व्हतो ना."
मी लाईनवरून बाजूला झाले.
"भोगीला तुझ्या चपला दिसल्या जिन्यात," म्हणाल्या. "बाळूला बोलली न्हाईस, बरं केलंस."
"आई, उद्या पहिल्याच जागी बसा."
"अगं पण करंट?"
"जाऊ दे करंट. तुम्ही वर पोचलात ते मला इथं कळायला नको?"
"बघू," म्हणाल्या. फोन ठेवला.
घरी आल्यावर खुर्ची उचलून पूर्वीच्या जागी ठेवली. साहेबांनी सोलरवाल्याला उद्या अकराला बोलावलंय. सव्वाअकराला सावली त्याला खुर्चीत बसलेलीच दिसेल.