जिन्यावरचा पहिला नंबर

तीर्थरूप मामांस,

भाचीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आजचा नमस्कार जरा अर्धवट झाला, गोड मानून घ्या.) मामींचा खोकला थांबला का? तुमचा खांदा कसा आहे? छताची रंगकामं अजून घेता, की आता फक्त भिंतीच? भिंतींना डॉक्टरांची हरकत नसावी असं मला वाटतं. इकडे आईबाबा मजेत आहेत. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण आपल्या घरात फोनवर बोललेलं बाबांना ऐकू जातं आणि बाबांना ऐकू गेलेलं गल्लीला. घरातली पहिली पदवीधर टेनिस क्लब चालवते, असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. मी तिथे कच्च्या नोकरीवर आहे आणि ती पक्की करायची की नाही हे अध्यक्ष सोमवारी परदेशातून आल्यावर ठरवणार, एवढा तपशील तेवढा गाळला आहे.

तर झालं असं, की अध्यक्षांनी जगातल्या मोठमोठ्या पुरुष खेळाडूंचे चौकटीतले फोटो क्लबला भेट दिले. ते जिन्याच्या भिंतीवर लावायचे, पण कसेही नाहीत, तर चार मोठ्या स्पर्धांत ज्याने जसं यश मिळवलं त्या क्रमाने. सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच लावा." मामा, हे काम मी अगदी मनापासून केलं. नुसती विजेतेपदं मोजायला काय लागतं? पण जो पुन्हापुन्हा अंतिम फेरीत पोचला आणि हरला, त्याचं काय? एकाच स्पर्धेत वर्षानुवर्षं जिंकणारा मोठा, की चारही ठिकाणी एकेकदा जिंकणारा? आणि जुन्या काळी तर खेळाचे पैसे घेणाऱ्यांना या स्पर्धांत उतरूच देत नसत. त्यांची ऐन उमेदीची वर्षं कुठे धरायची? (पोटासाठी खेळणं हा गुन्हा कसा, ते मला अजून कळलेलं नाही. तुम्ही मजुरी घेता म्हणून तुमची भिंत ही भिंतच नव्हे, असं कोणी म्हणतं का?) यावर मी एक सविस्तर टिपण केलं. बायकांचे फोटो का नाहीत, असाही परिच्छेद शेवटी जोडला. सेक्रेटरींनी पहिलं पान वाचलं, "वा, वा" म्हणाले आणि माझ्या हातात हातोडी दिली.

पहिला नंबर सर्वांत वर असतो, म्हणून मी तो जिन्याच्या वरच्या टोकाला लावला. पण आमचे बहुतेक सभासद गुडघ्यांमुळे जिना चढतच नाहीत, खालीच पत्ते खेळत बसतात. त्यांना पायथ्याशी दिसला तो शेवटचा. त्यांच्यातले निवृत्त दातांचे डॉक्टर (अजूनही कोणाशी बोलताना आधी दात बघतात) ओरडले, "हा पहिला? अहो, याला मी हरवला असता!" मी म्हटलं, काका, हे शेवटचे, पहिले वर आहेत. "मग काय, फोटो बघायला गुडघे बदलून यायचं का आम्ही?" मुद्दा मला न्याय्य वाटला. खिळे उपटले, क्रम उलटा केला. तेव्हा कुठे सेक्रेटरींच्या लक्षात आलं, की अध्यक्षांची खोली वरच्या मजल्यावर आहे. "दार उघडल्याबरोबर त्यांनी शेवटच्या नंबराचं तोंड बघायचं? रोज?" पुन्हा खिळे उपटले.

शेवटी मी मधला मार्ग काढला. पहिला नंबर जिन्याच्या वळणावर, बाकीचे दोन्ही बाजूंना उतरत्या मानाने. क्रम शास्त्रशुद्ध होता, दिसतही छान होता. फक्त वळणावर विजेच्या मीटरची पेटी आहे. त्यामुळे जगातला सर्वांत यशस्वी खेळाडू सध्या पेटीच्या दारावर असतो, आणि फ्यूज गेला की दार पूर्ण उघडून तो भिंतीकडे तोंड करतो. फ्यूज आमच्याकडे बराच जातो.

राहता राहिली भिंत. ती जुनी आहे, आणि तिच्यातून खिळा कधी एकटा निघत नाही. आमचे माळीबुवा काल झारी घेऊन वर चालले होते, ते वळणावर थांबले. "ताई, हिला कांजिण्या आल्यात काय?" मी त्यांना सांगितलं, की हे निकषांच्या फेरविचाराचे टप्पे आहेत. "असं होय," म्हणाले, "मग विचार फार खोल झालाय."

असो. क्रमाबद्दल माझी काही तक्रार नाही, तो आजही बरोबरच आहे. मामींना नमस्कार सांगा, खांद्याला शेक देत जा.

तुमची भाची

ता.क. रविवारी क्लब बंद असतो. सहज इकडे येणं झालं तर थोडी पुट्टी, तुमची छोटी थापी आणि घासायचा कागद घेऊन या. माळीबुवा मागचं फाटक उघडतील. रंगाऱ्याला रीतसर बोलवायचं तर अर्जावर अध्यक्षांची सही लागते. आणि कृपा करून बाबांना सांगू नका. विचारलंच, तर भाचीचा क्लब बघायला आलो म्हणा.

दुसरा ता.क. रंग पांढरा नाही आणि पिवळाही नाही. जुळवता यावा म्हणून पाकिटात भिंतीचा एक तुकडा घातला आहे. खरवडावा लागला नाही, पायरीवर होताच.

तिसरा ता.क. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात सेक्रेटरी आले. अध्यक्षांना त्यांनी माझं टिपण फोनवर वाचून दाखवलं, आणि त्यांना शेवटचा परिच्छेद एवढा पटला, की महिला खेळाडूंचे फोटो ते येताना घेऊनच येत आहेत. नोकरीही पक्कीच समजा म्हणाले, अध्यक्षांनी एकदा जिना पाहिला की झालं. नवे फोटो समोरच्या भिंतीवर लागतील. ती अजून कोरी आहे. तत्त्वाचा प्रश्न असल्यामुळे मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

पुट्टी दुप्पट आणा.