मावीची फिर्याद

१५ ऑगस्ट २०१०
शिसारी आली! झेंडावंदन करून, बुंदीचे लाडू खाऊन परतलेली ही पोरं! आमच्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहणारी मावी, मिझोरमची, इथे भोपाळात साकेत नगरच्या एका दवाखान्यात नर्स, चर्चमधून येत होती. फाटकाशी विजयनं वाट अडवली. "ए चिंकी, चाउमीन खिला ना!" ती एवढंच म्हणाली, "मेरा नाम है." झालं. वेणी धरून ओढली, मुस्कटात मारली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडले, तोवर तिचा ओठ फुटला होता.

विजय म्हणजे गणेश मंडळाचे सचिव काशिनाथराव, त्यांचा मुलगा. पोरपणी माझ्याकडेच जेवायचा.

मावी पोलीस थाण्यात गेली. मीही गेले, साक्षीदार म्हणून नाव दिलं. हे घरीच बसले.

१६ ऑगस्ट
"तुला कुणी सांगितलं होतं नाव द्यायला?" — दिवसभरात ह्यांचं एवढंच वाक्य.

१८ ऑगस्ट
काशिनाथराव आले. चहा घेतला. "वहिनी, पोराचं कारखान्यात ट्रेनी म्हणून सिलेक्शन होतंय. केस उभी राहिली की संपलंच." मग उठता उठता ह्यांना, अगदी गोडीत — "कारखान्याच्या क्वार्टरमध्ये भाडेकरू ठेवायला परवानगी असते का हो?"

ह्यांच्या रिटायरमेंटला दीड वर्ष. चेहरा खर्रकन उतरला.

२० ऑगस्ट
आता काशिनाथरावांची नवीन टूम! राखीपौर्णिमेला मंदिरात सामूहिक रक्षाबंधन. महाराज येणार, पेपरवाले येणार. मावीनं विजयला राखी बांधायची आणि फिर्याद मागे घ्यायची. 'धर्म जोड़ता है' असा बॅनरसुद्धा सांगून झालाय.

जिला मारलं तिनंच मारणाऱ्याला ओवाळायचं! भजनी मंडळाच्या निर्मलाताईंना विचारलं, तुम्हाला पटतं हे? "किती गोड कल्पना! मला तर रडूच आलं." दोन वर्षं ह्याच बायकांनी मावीच्या सुक्या मासळीच्या वासानं नाकं मुरडली, हळदीकुंकवाला हिला दारातूनच वाटेला लावलं — आणि आता एकाएकी बहीण!

२३ ऑगस्ट
मावी म्हणते, मंदिरात जाणार. मी भडकलेच. ती शांत. "माफ तो उसी दिन कर दिया, आंटी. रात को प्रेयर में नाम लेके." ज्यानं ओठ फोडला त्याचं नाव घेऊन प्रार्थना? मला तिचाही राग आला. देवघरापुढे बसले, पण स्तोत्र काही ओठांवर येईना.

२४ ऑगस्ट
मंदिर खचाखच. महाराज बोलले — आपण सारे एकाच भारतमातेची लेकरं, वगैरे. विजय नवा कुडता घालून, मनगट पुढे करून बसलेला. गालातल्या गालात हसत! मावीच्या हातात ताट दिलं. फोटोवाले सरसावले.

तिनं ताट खाली ठेवलं. "माफी दिल का काम है. वो मैंने कर दिया. रिपोर्ट थाने का काम है. वो रहेगा. भाई होता तो मारता नहीं."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "नखरा देखो इसका!" महाराजांनी घाईघाईनं आरती सुरू करवली. आरती — तोंड दाबायला! मी टाळी वाजवली नाही. मावीला घेऊन बाहेर पडले.

२५ ऑगस्ट
ह्यांनी तिला खोली सोडायला सांगितली. माझ्यादेखत. "बेटी" म्हणून!

२९ ऑगस्ट
मावी अशोका गार्डन भागात गेली, एका मैत्रिणीकडे. जाताना ह्यांच्या पाया पडली. हे पेपर वाचत होते.

९ नोव्हेंबर २०११
कोर्टात माझी साक्ष मागच्याच तारखेला झाली. आज आरोपीच्या बाजूचा साक्षीदार होता. मी मावीशेजारी बाकावर. पुकारा झाला आणि उठले — हे! सकाळी मला म्हणाले होते, बँकेत जातो.

मंगळवारचा उपवास न चुकवणारा माणूस. ईश्वराची शपथ घेतली आणि म्हणाला, "मेरी पत्नी उस दिन भोपाल में थी ही नहीं."

बाहेर आल्यावर स्कूटर सुरू करून मला म्हणाले, "बस."

मी बसले नाही.