रासनच्या तळाशी बसलेलं पांढरं

अब्बा, तुमच्या रासनच्या मुळात पीठ नव्हतं. हे मला आता पक्कं माहीत आहे, आणि तरी तुमच्याविषयीचा संशय गेलेला नाही. म्हणून लिहिते आहे.

दुष्काळाचं ते साल. अहमदपूरच्या आपल्या दुकानात शाळा सुटल्यावर मी जडीबुटीच्या पुड्या बांधायला बसायचे. त्या वर्षी कुणाचा कुणावर भरवसा उरला नव्हता. रेशनच्या मिलो ज्वारीत खडे, दुधात पाणी, बेसनात काय ते अल्लालाच ठाऊक. एक म्हातारी पातेलं घेऊन दुकानात येते. मुलाच्या खोकल्यासाठी तुम्ही कुटून दिलेलं रासनचं मूळ तिनं उकळून, गाळून, आटवून ठेवलं होतं, आणि थंड झाल्यावर तळाला पांढरी भुकटी बसली होती. "अत्तारभाई, औषधातबी ज्वारीचं पीठ? लाज न्हाई वाटली?" तुम्ही म्हणता, "मावशी, कसम घ्या, मी काय बी मिसळलं नाही." मी नववीत. पिठावर आयोडीन पडलं की निळं होतं, हे वर्गात नुकतंच शिकवलं होतं. मी दवाखान्याच्या कंपाउंडरकडून आयोडीनचं टिंक्चर मागून आणलं आणि सगळ्यांदेखत त्या भुकटीवर थेंब टाकले. निळं झालं नाही, तपकिरीच राहिलं. मला वाटलं, जिंकलो. म्हातारी म्हणाली, "पोरगी तुमची, औषध तुमचं. निळं कशाला हुईल?" ओट्यावरची माणसं लई हसली. आणि तेव्हाच माझ्या मनात आलं, पीठ नाही तर मग हे काय, खडू? मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझी नजर टाळलीत.

गिऱ्हाईक तुटायला लागलं. मग एका सकाळी तुम्ही नांदेडच्या एसटीत बसलात. रासन तिथल्या शेठजींकडून यायचं. त्यांना तुम्ही भावासारखं मानायचात, ईदला शीरखुर्म्याचा डबा कंडक्टरच्या हाती पाठवायचात. संध्याकाळी परत आलात ते चप्पल न काढताच बोललात, "चोर निकला. मुँह पे बोल के आया." अम्मीनं विचारलं, "वो क्या बोले?" "क्या बोलता? गर्दन नीचे." हेच तुम्ही दुसऱ्या दिवशी दुकानात सांगितलंत, बाजारात सांगितलंत. लोकांना चोर मिळाला, तुमची अब्रू वाचली, म्हातारीही पुन्हा आली. शेठजींकडून माल घेणं तुम्ही बंद केलंत. दोन उन्हाळ्यांनंतर तुम्ही अल्लाघरी गेलात.

तुमच्यामागे माझं शिक्षण काही वर्षं सुटलं होतं, म्हणून लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी तिथं बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. घरातली पहिलीच कॉलेजात गेलेली, त्यामुळे लायब्ररीतलं दिसेल ते वाचायचे. एका जाड पुस्तकात सापडलं, पावणेदोनशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका औषधवाल्यानं रासनच्याच जातीचं मूळ पाण्यात उकळलं, काढा निवू दिला, तर तळाशी पांढरी भुकटी बसली. पिठासारखी दिसणारी, पण पीठ नसलेली. पुढे आयोडीनची परीक्षा आली, तीही हेच सांगू लागली, हे निळं होत नाही. त्यानं त्याला धड नाव दिलं नाही. डेलियाच्या कंदात तेच मिळालं तेव्हा त्याला वेगळंच नाव पडलं. शेवटी टिकलं ते दुसऱ्याच माणसानं मूळच्या झाडाच्या लॅटिन नावावरून दिलेलं नाव, इन्युलिन. मी ते पान तिथंच बसून तीनदा वाचलं. मुळातच होतं ते, अब्बा. तुम्ही मिसळलं नव्हतं, शेठजींनीही नव्हतं. कुणीच चोर नव्हता.

मग मला शेठजींचं वाईट वाटायला लागलं. पदवी हातात आली तशी मी नांदेडला गेले. ते आता गादीवर लोडाला टेकून असतात, हिशेब मुलगा बघतो. मी पाया पडले आणि म्हणाले, "शेठजी, त्या दुष्काळात अब्बा तुम्हाला येऊन नाही नाही ते बोलले, त्याची माफी मागायला आले."

त्यांनी लोड सोडून पाठ सरळ केली. "कोण आलं? बाई, त्या साली तुझे अब्बा एकदाबी आले न्हाईत. मी वाट बघून राहिलो. माझंच काय चुकलं, हेच मला कळंना."

मग त्या दिवशी तुम्ही कुठे होतात? नांदेडच्या स्टँडवर दिवसभर बसून परत आलात? मित्राला चोर म्हणायची हिंमत झाली नाही, की तो चोर नाही हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं? ठाऊक होतं तर कसं? स्वतः काही मिसळलं नसेल तर माणूस असं कशाला रचतो? रासनपुरतं पुस्तकानं तुम्हाला सोडवलं. बाकीच्या बरण्यांचं मला माहीत नाही. आणि शेठजी तरी खरं बोलले कशावरून? घरी आलेल्या पोरीला वाईट वाटू नये म्हणूनही माणसं बोलतात. अम्मीला मी यातलं काही सांगितलेलं नाही. हे पत्रही घडी करून ठेवण्यापुरतंच आहे.

उठताना शेठजींनी विचारलं, "काय सांगितलं होतं गं त्यांनी माझ्याबद्दल?" मुलाचंही लिहिणं थांबलं होतं. मी म्हणाले, "काही नाही, माझाच काहीतरी घोळ झाला. अब्बा तुमचं नाव फार मानानं घ्यायचे." हे बोलताना मी जरासुद्धा अडखळले नाही.