बाहेरची आजी

बुधवार, सांजचं

आज अंगात त्राणच न्हाय. धुणं, म्हशीची धार, त्यात हा गुडघा. तरी लिहिते, न्हायतर डोक्यातनं जायचं न्हाय.

माझ्या नातीची, अनूची उद्या चिनी भाषेची तोंडी परीक्षा. पास झाली तर मशिनीच्या कारखान्यात दुभाष्याचं काम मिळंल म्हणते. परीक्षेत घरच्यांची ओळख सांगायचीय. मी भाकरी थापत होते आणि ती शेजारी उभी राहून पाठ म्हणत होती. चिनी लोकांच्यात मामा वेगळा, काका वेगळा, आत्या-मावशीबी वेगळ्या. म्हटलं, "आपल्यासारखीच शहाणी माणसं की गं!" लई बरं वाटलं.

मग म्हणाली, बापाच्या आईला एक शब्द, आईच्या आईला दुसरा. त्या दुसऱ्याचा अर्थ बाहेरची आजी.

बाहेरची? लेकीची नोकरी वारणानगरला, म्हणून ही तान्ही असल्यापासनं माझ्यापाशी. मी कुठनं बाहेरची? पण आपल्यात तरी काय, लेक दिली की परक्याची. तिकडंबी तेच म्हणायचं.

"आज्जी, मी तुला बापाच्या आईचाच शब्द लावणार."

"मार्क जातील की, बये."

"जाऊ देत."

"गप. बाहेरची म्हण आणि पास हो. माझ्या अंगाला काय भोकं पडत न्हाईत."

तिनं परात ओढून घेतली, मला बाहेर बसवलं. आता आतनं थापल्याचा आवाज येतोय, आणि मोठमोठ्यानं पाठ. शब्द तोच, बापाच्या आईचा.

उठून रागवायला पायजे. उठवत न्हाय. आणि खरं सांगायचं तर, उठायचंबी न्हाय.